मोटारसायकलचे इंजिन पाण्यात उतरते तेव्हा
— द्वितीय वर्ष, कला शाखा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या वर्गातील एका मित्राने तर "हे विज्ञान शाखेच्या हद्दीत अतिक्रमण आहे" अशी ताकीद मला आधीच देऊन ठेवली आहे. माझी बाजू एवढीच, की आमच्या घरात पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी इंजिने आली. वडील चौथीपर्यंत शिकलेले, दुचाकी दुरुस्त करणारे मेस्त्री. थोरला भाऊ दहावीनंतर त्यांच्याच हाताखाली तयार झाला. त्याला आम्ही दादा म्हणतो. खाडीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे दुकान आहे. कॉलेजची पायरी चढणारा घरातला पहिला माणूस मी, आणि या शिक्षणाचा घराला पहिला प्रत्यक्ष उपयोग झाला तो एका होडीच्या निमित्ताने. इंजिनाबरोबर मिळालेली दुरुस्तीची पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती वाचू शकणारा मी एकटाच होतो.

होडी म्हणजे फायबरची, दोन माणसे बसतील एवढी लहान जेट होडी. खाडीत पर्यटकांना फिरवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांची ती. तिचे परदेशी बनावटीचे टू-स्ट्रोक इंजिन खाऱ्या पाण्याने आतून धरून बसले होते आणि सुटे भाग मिळेनात. दादाने ती होडी निम्म्या भागीदारीत घेतली. आपल्या हिश्श्याच्या पैशासाठी वहिनीच्या दोन पाटल्या बँकेत ठेवाव्या लागल्या. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते आमच्या घरात कुणी निव्वळ हौस म्हणून वाचलेले नाही. होडी चालली नाही तर पाटल्या गेल्या, इतका साधा हिशेब होता.

आता मूळ विषयाकडे वळतो. 'जेट' म्हटल्याबरोबर विमानाचे इंजिन डोळ्यांपुढे आणू नये. जेट होडीत असतो तो एक पंप, शेतातल्या पंपाचाच भाऊ. शेतकरी पंप जमिनीला पक्का बांधतो, म्हणून पाणी हलते आणि पंप जागेवर राहतो. इथे पंप होडीला बांधलेला असतो आणि होडी मोकळी असते. पाणी मागे फेकले जाते आणि होडी पुढे सरकते. अग्निशामक दलाचा जवान नळ धरतो तेव्हा त्याला मागे रेटा बसतो, तोच हा रेटा.

होडीच्या तळाला जाळी लावलेले एक तोंड असते. तेथून पाणी आत येते आणि एका नळकांड्यात शिरते. नळकांड्यात शाफ्टवर बसवलेला पंखा फिरत असतो. त्याला इंपेलर म्हणतात. पंख्यामागे काही स्थिर पाती असतात, ती पाण्याचा गरगराट मोडून त्याची धार सरळ करतात. शेवटी नळी निमुळती होते आणि त्या निमुळत्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, पाणी जोराने मागे सुटते. या तोंडाला जोडलेला एक तुकडा डावी-उजवीकडे वळतो. सुकाणू नाही, काही नाही. धार वळली की होडी वळते. मागे जायचे असेल तर धारेवर एक बादलीसारखे झाकण खाली येते आणि धार पुढच्या बाजूला परतवते. हे झाकण अर्धवट खाली ठेवले तर पुढचा आणि मागचा रेटा सारखा होतो आणि होडी जागच्या जागी उभी राहते. म्हणजे गिअर न बदलता पुढे, मागे आणि 'न्यूट्रल'! ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

रेटा किती मिळतो? दर सेकंदाला किती किलो पाणी फेकले आणि त्याचा वेग किती वाढवला यांचा गुणाकार म्हणजे रेटा. समजा, पंप दर सेकंदाला ५० लिटर पाणी घेतो आणि ते २० मीटर वेगाने मागे फेकतो. ५० गुणिले २० म्हणजे १००० न्यूटन, साधारण १०० किलो वजनाएवढा रेटा. पण होडी स्वतःच सेकंदाला १० मीटर वेगाने धावू लागली की आत येणारे पाणीही त्याच वेगाने येते. मग वेगातली वाढ उरते १० मीटरची आणि रेटा उरतो निम्मा. उभ्या होडीला धक्का जोराचा बसतो आणि वेग चढत जातो तसा तो ओसरतो, याचे कारण हे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की धार मागच्या पाण्यावर आपटते आणि त्यामुळे होडी पुढे जाते. आमचे वडीलही असेच मानत. ही समजूत खोटी ठरवणारा माणूस एक मेंढपाळ-शेतकरी होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मॅकेन्झी नावाच्या डोंगराळ मुलखात आयरिशमन क्रीक हा विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांचा मळा होता. मेंढ्यांबरोबर त्यांनी तेथेच यंत्रशाळा उभी केली होती. त्या भागातल्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या आणि वेणीसारख्या अनेक पेडांत वाहणाऱ्या. पाण्याखाली पंखा असलेली नेहमीची मोटरबोट तेथे नेली की पहिल्याच उथळात पंखा गोट्यावर आपटून मोडायचा. हॅमिल्टन यांनी एका अमेरिकन बनावटीच्या जलधारा-यंत्रावरून काम सुरू केले. त्यात धार होडीच्या तळाखालून, पाण्यातच सोडलेली होती. त्याने समाधान होईना. मग त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका माणसाने सुचवले, की धारेचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आणून पाहा. तसे केले आणि होडीचा वेग एकदम वाढला. धारेला मागे आपटायला काही लागतच नव्हते. उलट तळाखाली लोंबणारे तोंड पाण्याला अडत होते, तो अडथळा गेला. १९५४ च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे १९६० साली हॅमिल्टन यांच्या जेट होड्या अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या विरुद्ध वर चढून गेल्या. त्याआधी हे कोणाला साधले नव्हते.

भारताशीही या होडीचा संबंध आला, आणि तो मोठा रोमहर्षक आहे. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी हे हॅमिल्टन यांचेच देशबांधव. १९७७ साली त्यांनी बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या उगमाच्या दिशेने तीन जेट होड्या चढवत नेल्या. होड्यांची नावे 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया'. हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन हे त्यांच्यातील एक चालक होते. सुंदरबनातील दलदल, वाराणसी, हरिद्वार असे करत ते हिमालयात शिरले आणि नंदप्रयागजवळ एका धबधब्याने वाट अडवल्यावर थांबले. भूगोलाच्या तासाला गंगेचा नकाशा काढताना ही मोहीम सांगितली जावी असे मला फार वाटते.

मोटारसायकल आणि जलधारा यांची सोयरीकही जुनीच आहे. अमेरिकेत क्लेटन जेकबसन नावाचा मोटोक्रॉस शर्यतींतला एक स्वार होता. मोटारसायकलसारखे पाण्यावर चालवता येईल असे वाहन करावे, ही कल्पना त्याची. १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने, म्हणजे मोटारसायकली बनवणाऱ्यांनीच, ४०० सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली 'जेट स्की' बाजारात आणली. आज कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटक ज्याच्यावर बसून ओरडतात ते हेच कुळ. न्यूझीलंडमध्ये हौशी मंडळी जेट स्कीची इंजिने काढून लहान जेट होड्यांत बसवतात. आमच्याकडे तशी इंजिने भंगारातही मिळत नाहीत. मिळतात ती मोटारसायकलची.

दादाने कोणते इंजिन घ्यावे यावर आमच्या दुकानात आठ दिवस चर्चा चालली होती. वडिलांचा जीव बुलेटवर. पण बुलेटचे इंजिन वाऱ्याने थंड होणारे. रस्त्यावर त्याला समोरून वारा मिळतो. होडीच्या पोटात झाकणाखाली कोंडले तर त्याला वारा कोण घालणार? म्हणून पाण्याने थंड होणारे इंजिन हवे हे ठरले. शेवटी अपघातात चौकट वाकलेल्या एका के.टी.एम. ३९० गाडीचे इंजिन, वायरिंग आणि संगणक-पेटीसकट, सगळी कागदपत्रे पाहून घेतले. हे इंजिन आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेले. ३७३ सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांवर सुमारे ४३ अश्वशक्ती. होडीच्या जुन्या इंजिनाची शक्ती ४० च्या आसपास होती आणि ते ६००० फेऱ्यांवर ती देत असे. म्हणजे शक्ती जुळली. फेऱ्या जुळल्या नाहीत, आणि खरी मौज इथेच आहे.

पंपाचा एक कायदा आहे. फेऱ्या दुप्पट केल्या तर पंप शक्ती दुप्पट मागत नाही, चौपटही नाही, आठपट मागतो. फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. आता जुन्या होडीत पंप इंजिनाच्या क्रँकला सरळ जोडलेला होता, मध्ये गिअर नाही, क्लच नाही. मोटारसायकलच्या इंजिनात मात्र गिअरबॉक्स त्याच कवचात असतो आणि शक्ती बाहेर येते ती चेनच्या चक्रीवरून. आमच्या इंजिनात सहाव्या गिअरला क्रँकच्या साधारण सव्वादोन फेऱ्यांमागे चक्रीची एक फेरी होते. म्हणजे क्रँक ९००० ला असताना चक्री ४००० ला. चक्रीला पंप सरळ जोडला असता तर काय झाले असते? ४००० म्हणजे ६००० चे दोन-तृतीयांश. दोन-तृतीयांशाचा घन आठ-सत्तावीसांश. ४० अश्वशक्ती पचवणाऱ्या पंपाने जेमतेम १२ पचवली असती. इंजिन बोंबलत राहिले असते आणि होडी मासे मोजत बसली असती. उलट, पंप ७००० ने फिरेल अशी जोडणी केली असती तर पंपाने ६३ अश्वशक्ती मागितली असती. तेवढी इंजिनात नाहीच. मग ते आपल्या फेऱ्यांपर्यंत चढूच शकले नसते, जसे चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी गुदमरते.

हा हिशेब मी वहीत मांडून दादाला दाखवला तेव्हा त्याने वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे चेन-स्पॉकेट उलटं लावायचं." मला जे अर्धे पान लागले ते त्याने चार शब्दांत सांगितले. मोटारसायकलला पुढची चक्री लहान आणि मागची मोठी असते, फेऱ्या कमी करण्यासाठी. इथे इंजिनाकडे मोठी आणि पंपाकडे लहान, दीडास एक या प्रमाणात. ४००० चे ६००० झाले. फक्त चेन ठेवली नाही. इतक्या फेऱ्यांवर चेन फार वेगाने पळते, तापते, आणि खाऱ्या हवेत तिला वंगण टिकत नाही. त्याऐवजी दात्यांचा रुंद पट्टा आणि लेथवर करून घेतलेल्या दोन पुल्या बसवल्या. पुलीचा भार एकट्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लोंबकळू नये म्हणून दुसऱ्या टोकाला स्वतंत्र बेअरिंगचा आधार दिला. पंपाच्या शाफ्टलाही तसाच.

क्लच आणि पाच गिअर आता निरुपयोगी झाले असे वाटेल. क्लच खरोखरच झाला. वर सांगितलेल्या झाकणामुळे त्याची गरज उरत नाही. पण गिअर कामाला आला. पाचव्या गिअरमध्ये पंपाच्या फेऱ्या सहाव्यापेक्षा थोड्या कमी पडतात. पंख्याची पाती आणि इंजिन यांचे नेमके कुठे जमते हे पुली न बदलता पाहता येते. परदेशातले लोक यासाठी वेगवेगळ्या पिळाचे पंखे बदलून पाहतात. आमच्याकडे पंखा एकच होता आणि गिअर सहा.

आणखी एक बारीक गोष्ट. मोटारसायकलमध्ये क्रँक आडवा असतो, रस्त्याला काटकोनात. होडीत शाफ्ट उभा, म्हणजे होडीच्या लांबीत जातो. म्हणून इंजिन काटकोनात वळवून बसवावे लागते. आणि कुठे वळवायचे हे फिरण्याच्या दिशेवर ठरते. पंख्याची पाती एकाच दिशेची असतात. उलट फिरवला तर पाणी पुढे ढकलतो. मोटारसायकलकडे डाव्या बाजूने पाहिले तर चाक आणि चक्री घड्याळाच्या उलट फिरताना दिसतात. आमची चक्री डाव्या बाजूला आहे. म्हणून इंजिनाची डावी बाजू होडीच्या पिछाडीकडे केली, की मागून पाहताना चक्री घड्याळाच्या उलट फिरते. पट्ट्याने दिशा बदलत नाही, दात्यांच्या दोन चाकांनी जोडले असते तर बदलली असती. जुन्या इंजिनावरचा बाण याच दिशेचा होता. सायलेन्सरचे तोंड त्यामुळे होडीच्या डाव्या कुशीकडे आले.

वडील या साऱ्यात मुख्यतः टीका करण्याचे काम करत. पण त्यांची एक टीका सोन्यासारखी निघाली. ते म्हणाले, "गाडीला उतार असतो रे. होडीला कुठला उतार?" आपण गाडी चालवताना इंजिन पूर्ण ताकदीने क्वचितच काम करते. सपाट रस्त्यावर थोडी शक्ती पुरते, उताराला तर विसावाच. होडी मात्र सतत घाट चढत असते. इंजिन तेच, पण ते अर्धा-अर्धा तास ताणलेले राहते. शिवाय लाटेवरून होडी उडाली आणि पंपात हवा शिरली की भार एका क्षणात नाहीसा होतो आणि फेऱ्या वर पळतात. फेऱ्यांना मर्यादा घालण्याची सोय या इंजिनाच्या संगणकात आहे. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाला ती वेगळी लावावी लागली असती.

उष्णतेचा प्रश्न याच टीकेतून सुटला. मोटारसायकलचा रेडिएटर होडीत वाऱ्याअभावी उपाशी. जुन्या इंजिनात पंपातूनच थोडे खाडीचे पाणी वळवून सरळ सिलिंडरभोवती फिरवलेले होते, आणि त्याच खाऱ्या पाण्याने त्याचा घास घेतला होता. दादाने दोन पाणी वेगळी ठेवली. इंजिनात त्याचे नेहमीचे कूलंट, आणि रेडिएटरच्या जागी एक नळ्यांची पेटी. पेटीच्या आतल्या नळ्यांतून खाडीचे पाणी जाते, बाहेरून कूलंट. उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जाते, पाणी मिसळत नाही. दुधाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवतात, तसे हे. पेटीत जस्ताचा एक तुकडा बसवला आहे. खारे पाणी आधी जस्त खाते, नळ्या वाचतात. तुकडा झिजला की बदलायचा. फेरी संपली की गोड्या पाण्याने मार्ग धुवायचा.

पेटीतून बाहेर पडलेले खाडीचे पाणी वाया घालवत नाहीत, ते सायलेन्सरच्या नळीत सोडतात. फायबरच्या बंद पोटात लाल झालेली नळी ठेवणे म्हणजे चुलीवर गोणपाट टाकणे. धुरात पाणी मिसळले की नळी हात लावण्याइतकी गार राहते आणि आवाजही बसतो. मात्र ही नळी आधी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर चढवून मग खाली वळवावी लागते, बगळ्याच्या मानेसारखी. नाहीतर इंजिन बंद पडल्यावर पाणी उलटे सिलिंडरमध्ये येते. आणि धुराच्या नळीत जो ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो त्याच्या पुढे पाणी सोडायचे, मागे नाही.

तेलाबद्दल पुस्तिकेत काहीच नव्हते, कारण ती गाडीची पुस्तिका. हे दादाच्या अनुभवातून आले. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून इंजिनातले तेल तळालाच राहते. स्वार आणि गाडी जिकडे कलतात तिकडेच तेलाचे 'खाली' असते. होडी जोरात वळते तेव्हा तेल एका कुशीला जाऊन साचते, आणि तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडते. अशा वेळी दोन-चार सेकंदांत बेअरिंग जाऊ शकते. जुन्या टू-स्ट्रोकला ही चिंताच नव्हती. त्याचे तेल पेट्रोलबरोबर येई. दादाने तेलाच्या तळात पत्र्याचे आडवे पडदे बसवले आणि तेलाच्या दाबाचा दिवा चालकाच्या नजरेसमोर आणला.

संगणक-पेटीने आम्हाला चार दिवस रडवले. तिला गाडीच हवी असते. स्टँड वर आहे का, क्लच दाबला का, किल्ली ओळखीची आहे का, गाडी आडवी तर पडली नाही ना, असे प्रश्न ती विचारते आणि उत्तर न मिळाले की इंजिन चालू देत नाही. पुस्तिकेतले वायरिंगचे पान मी मराठीत उतरवून दिले. कोणती तार कोणत्या रंगाची आणि ती काय विचारते, असा तक्ता केला. 'टॉर्क' या शब्दाला पाठ्यपुस्तकात 'आघूर्ण' म्हणतात, दादा 'ओढ' म्हणतो. मी तक्त्यात 'ओढ' लिहिले. आडवे पडल्याचे ओळखणारा सेन्सर मात्र काढला नाही. होडी उलटली तर इंजिन बंद पडलेच पाहिजे. इंजिन काटकोनात वळले असले तरी तो सेन्सर होडीच्या रुंदीला धरूनच बसवला.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारसायकलमधून पेट्रोल गळले तर ते रस्त्यावर पडते, वारा ते घेऊन जातो. होडीच्या पोटाला खाली भोक नसते. एखाद्या सांध्यातून थेंब थेंब गळाले तर वाफ तळाशी साचते, दिसत नाही, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. होडीसाठी बनवलेल्या स्टार्टर आणि रिलेच्या ठिणग्या बाहेर पडू नयेत अशी त्यांची बांधणी असते. मोटारसायकलच्या भागांची तशी नसते. त्यांच्यावर तशी वेळच येत नाही. म्हणून रिले आणि फ्यूज इंजिनाच्या कप्प्याबाहेर, वर, बंद डब्यात गेले. तळातली हवा बाहेर फेकणारा, ठिणगी न टाकणारा पंखा बसवला. सुरू करण्याआधी तो चार मिनिटे चालवायचा, झाकण उघडून वास घ्यायचा आणि मगच बटण दाबायचे. स्टार्टरचा प्रश्न अवघड होता, कारण तो इंजिनाच्या अंगावरच बसलेला. होडीच्या कामाचा, बंद बांधणीचा स्टार्टर मागवून त्याचे दाते जुळवून घ्यावे लागले. सगळ्या कामात सर्वांत महाग वस्तू तीच ठरली.

याच खर्चावरून भागीदारांशी वाद झाला. दिवाळीच्या सुट्टीत खाडीवर गर्दी असते. होडी तोवर चालू लागली होती. धक्क्याला बांधून रस्सीला ताणकाटा लावला तेव्हा काट्याने ९० किलोच्या आसपास ओढ दाखवली होती. भागीदारांचे म्हणणे, जुना स्टार्टर आहे तोच राहू दे, दिवाळीचे पंधरा दिवस तरी लोक बसवू. पाटल्यांवरचे व्याज चालू होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे आमच्या घरातही एक-दोघांना पटत होते. दादाने माणसे बसवायला नकार दिला. होडी झाकून ठेवली आणि दिवाळी गेली. वहिनी त्या दिवसांत काही बोलली नाही. वडील एवढेच म्हणाले, "गाडी दिली तर गिऱ्हाईक चालत तरी घरी येतं."

कागदांचाही भाग आहे. यांत्रिक होडीची नोंदणी आणि तपासणी व्हावी लागते. नोंदणीत जुन्या इंजिनाचा क्रमांक असेल आणि आत दुसरेच इंजिन असेल तर ती होडी कागदावर वेगळीच होडी ठरते आणि विमाही धोक्यात येतो. इंजिनाच्या खरेदीची पावती, बदलांचा आराखडा आणि वायरिंगचा तक्ता अशी एक फाईल मी तयार केली. निबंधाला जेवढी काळजी घेतो त्याहून जास्त घेतली, हे मराठीच्या सरांनी रागावू नये म्हणून येथेच सांगून टाकतो.

एक धोका मात्र इंजिन कोणतेही बसवा, जेट होडीत राहतोच. तिला सुकाणू नसते. धार आहे तोवर वळण आहे. समोर अडथळा आला की माणूस घाबरून हात सैल सोडतो, पेट्रोल बंद होते, धार मरते आणि होडी सुकाणू नसलेल्या ओंडक्यासारखी सरळ त्याच अडथळ्यावर जाते. गाडी चालवण्याची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण रस्त्यावर पेट्रोल सोडणे हेच शहाणपण असते. शिकाऊ चालकाला दादा आधी मोकळ्या पाण्यात तरंगता डबा ठेवून शिकवतो: डबा जवळ आला की थोडे पेट्रोल ठेवून वळ, मग सोड. चालकाच्या मनगटाला दोरीची किल्ली असते. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. धक्क्यावरची पोरे ही दोरी शोभेची समजून काढून ठेवत. आता दोरीशिवाय इंजिन सुरूच होत नाही अशी जोडणी करून टाकली आहे.

सध्या होडी तपासणीची तारीख मिळण्याची वाट पाहत दुकानामागे लाकडी घोड्यांवर उभी आहे. तळाची जाळी दोनदा साफ करावी लागली. खाडीत गोटे नाहीत, पण प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे हॅमिल्टन यांच्या गोट्यांना लाजवतील इतके आहेत. पंखा आणि नळकांडे यांच्यातली फट नखाएवढीसुद्धा नसते, त्यात सुतळीचा एक वेढा बसला तरी रेटा निम्मा होतो. जाळीतून हात घालून अडकलेले काढता यावे म्हणून दादा वरून उघडणारे एक झाकण करतो आहे. चालकाच्या समोरच्या पाटीवर काय रंगवायचे ते मात्र ठरले आहे. अक्षर माझे आहे: "आधी पंखा चार मिनिटे. दोरी मनगटाला. वळायचे असेल तर पेट्रोल सोडू नका."